ब्रिटिश सहकाऱ्यांच्या चहा, रेल्वे आणि संगणकाच्या गप्पांत कसे सामील व्हावे?

माहुलीकर
नमस्कार. मी साताऱ्यात घरी बसून लीड्समधील एका चमूबरोबर काम करतो. दर सोमवारच्या बैठकीत कामाला हात घालण्यापूर्वी ही मंडळी चहा, उशिरा आलेली गाडी आणि बिघडलेला प्रिंटर या विषयांवर इतक्या गंभीर चेहऱ्याने विनोद करतात, की हसावे की हळहळ व्यक्त करावी हेच कळत नाही. परवा एकाने सांगितले की वेबकॅमेऱ्याचा जन्म कॉफीच्या भांड्यावर नजर ठेवण्यासाठी झाला. ही थाप आहे की खरी गोष्ट? खरी असल्यास अशा आणखी काही गोष्टी जाणकारांनी सांगाव्यात, म्हणजे मलाही तोंड उघडता येईल. हवामानावर बोलून पाहिले. परंतु आपल्या जुलैच्या पावसाचे वर्णन ऐकल्यावर त्यांच्याजवळ बोलण्यासारखे काही उरत नाही. पुढे-मागे तिकडे जाण्याचाही योग आहे.

वारणाकाठ, सांगली
थाप नव्हे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे यंत्र एकाच ठिकाणी होते आणि दूरच्या खोल्यांतून जिने चढून-उतरून आलेल्या संशोधकांना पुष्कळदा रिकामे भांडेच पाहायला मिळे. त्यावर उपाय म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा बसवून त्याचे लहानसे कृष्णधवल चित्र प्रयोगशाळेतील संगणकांवर दिसेल अशी सोय केली. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरचे लोक परक्यांच्या कॉफीची पातळी बघत राहिले!

तथापि माझ्या मते याहून सरस कथा लायन्स या कंपनीची आहे. देशभर चहाची दुकाने चालवणाऱ्या या कंपनीकडे केक, पाव आणि चहाचा रोजचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनांची फौज होती. तो खर्च आवरण्यासाठी त्यांनी केंब्रिजमधील संगणकाच्या उभारणीला तीन हजार पौंडांची मदत केली आणि त्याच धर्तीवर ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला. १९५१ मध्ये त्याने नियमित कामाला सुरुवात केली ती बेकरीतील मालाचे मूल्य काढण्यापासून. पुढे दुकानांच्या व्यवस्थापिका नेहमीच्या मागणीतील फेरफार दूरध्वनीवरून कळवत, ते जाड कागदाच्या कार्डांवर छिद्रांच्या रूपाने नोंदले जात आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या दुकानात काय पाठवायचे याचा हिशेब यंत्र करी. कार्यालयीन कामासाठी संगणक वापरण्याची सुरुवात एका चहावाल्या कंपनीने केली, हे पुढच्या बैठकीत जरूर सांगावे. प्रिंटरबाबत मात्र कोणीही काही करू शकणार नाही.

पाटणचा निवृत्त अभियंता
चहाचा विषय निघालाच आहे, म्हणून वीजक्षेत्रातील भर घालतो. तेथील विजेच्या किटल्या साधारण तीन किलोवॅटच्या असतात आणि दूरदर्शनवरील लोकप्रिय कार्यक्रम संपताच लाखो घरांत त्या एकदमच सुरू होतात. १९९० च्या विश्वचषक फुटबॉलमध्ये इंग्लंड उपांत्य फेरीत पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरले, तेव्हा मागणी सुमारे २,८०० मेगावॉटने उसळली. आपल्या कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. म्हणजे सगळे टप्पे पूर्ण भाराने चालवले असते तरी त्या दुःखी राष्ट्राचा चहा झाला नसता. अशा प्रसंगांसाठी वेल्समधील डिनोर्विग येथे डोंगराच्या पोटात वीजकेंद्र आहे. मागणी कमी असताना खालच्या तलावातील पाणी पंपांनी वर चढवायचे आणि गरज पडताच तेच खाली सोडायचे, अशी तेथील पद्धत असून जनित्रे काही सेकंदांतच भार उचलतात. कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या भारप्रेषण कक्षातील माणसांना कार्यक्रमांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवावे लागते, याचा आम्हा कोयनावाल्यांना फार हेवा वाटे.

वारणाकाठ, सांगली
रेल्वेचे राहिलेच. शरद ऋतूत ओली पाने रुळांवर चिरडून गुळगुळीत थर तयार होतो व चाके घसरतात. त्यामुळे ‘पानांमुळे उशीर’ ही थट्टा वाटली तरी ते खरे कारण असते आणि रूळ जोरदार फवाऱ्याने धुण्यासाठी वेगळ्या गाड्या फिरतात. १९९१ च्या फेब्रुवारीत तर भुसभुशीत कोरडा बर्फ विजेच्या गाड्यांच्या मोटारींत शिरला आणि वर्तमानपत्रांनी ‘चुकीच्या प्रकारचा बर्फ’ म्हणून रेल्वेची मनसोक्त टर उडवली. आपण शाकाहारी असाल तर आणखी एक सूचना: लीड्स ज्या परगण्यात येते त्या यॉर्कशायरमध्ये मासे आणि बटाट्याच्या काचऱ्या विकणारी कित्येक दुकाने तळणासाठी गाईची चरबी वापरतात, म्हणून लीड्समध्ये नुसत्या काचऱ्या मागवतानाही तेलाची चौकशी आधी करावी.

माहुलीकर
सर्वांचा अत्यंत आभारी आहे. सोमवारी सुरुवात ‘लिओ’पासून करतो आणि कोयनेचा आकडा दुसऱ्या कपासाठी राखून ठेवतो. शहर एकीकडे आणि स्थानक माहुलीला, हे साताऱ्याचे गाऱ्हाणेही रेल्वेच्या सदरात खपून जाईल असे वाटते. चरबीची माहिती आमच्या मातोश्रींच्या कानावर घालावी की नाही, एवढाच प्रश्न आता उरला आहे.