मदत हवी आहे: दिव्यांग आणि न्यूरोडायव्हर्जंट नवशिक्यांसाठी लाकूड कातायचा वर्ग

खुळखुळा:
नमस्कार मंडळी. गोरेगावात तळमजल्यावरच्या गाळ्यात वर्ग सुरू करायचाय. सहा जण, सगळे सोळाच्या पुढचे: तिघे ऑटिस्टिक, एकाला एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जातं), एक व्हीलचेअरवर, एकीचा डावा हात कमजोर. दोन मिनी लेथ (लाकूड फिरवून कातायची छोटी यंत्रं) आहेत, दहा इंची स्विंगचे, म्हणजे जास्तीत जास्त दहा इंच व्यासाचं लाकूड फिरेल असे. टेबल ७० सेंमी ठेवलं तर खुर्ची खाली जाते, पण स्पिंडल (लाकूड फिरवणारा दांडा) ९३ सेंमीवर, म्हणजे थेट छातीसमोर. टेबल उतरवलं की गुडघे आपटतात. दुसरं म्हणजे चौरस तुकडा गोल करताना गाउज (पन्हळीच्या आकाराची पटाशी) रुतून दणका बसतो आणि मग मुलं हात लावत नाहीत. भोवऱ्यापासून सुरुवात करावी का?

कातकाम:
भोवरा नको. त्याची आर, म्हणजे टोक, बारीक होत जाते तसा आधार जातो, नेमकं तिथेच हत्यार रुततं. लाटणंही लांब, मधे थरथरतं. कानशीची मूठ घ्या: ४० × ४० × १३० मिमी, आखूड आणि जाड, शेवटपर्यंत दोन्ही टोकांना धरलेली.

दणका बसतो कारण कोपरे एकेक करून धारेवर आदळतात. लेथवर चढवण्याआधीच रंध्यानं चारही कडा मारून तुकडा आठकोनी करा, निम्मं भांडण तिथेच मिटेल. टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लाकडापासून ४-५ मिमीवर. स्विच दाबण्याआधी हातानं एक पूर्ण फेरा फिरवून बघायचा. ८०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास सुरू करा, गोल झाल्यावर वाढवा. गाउजच्या धारेमागचा उतार आधी लाकडाला टेकवायचा, मग गाउजची मूठ हळू उचलायची. हे नाही जमलं तर कार्बाइड इन्सर्टचं (टोकाला कठीण धातूचं बदलता येणारं पातं बसवलेलं) हत्यार द्या: आडवं सपाट धरायचं, धार स्पिंडलच्या मध्याइतक्या उंचीवर. पृष्ठभाग खरखरीत येतो, सँडपेपर जास्त लागतो, लागू दे. स्क्यू (तिरप्या धारेची सपाट पटाशी, सहज रुतते) पहिले काही महिने कपाटात.

रंधा-रमेट:
खुर्चीचं कोडं टेबल वरखाली करून सुटणार नाही. लेथच बसणाऱ्याकडे ४५ अंश कलवा. स्पिंडल खाली येतो आणि पुढेही येतो, मग गुडघे टेबलाखाली जायची गरजच उरत नाही, फक्त पावलं जातात. आता टेबल बिनधास्त उतरवा. स्पिंडल बसलेल्या माणसाच्या कोपराच्या पातळीला; हे माप प्रत्येकाचं वेगळं. वजन पुढे झुकतं म्हणून स्टँड जमिनीला बोल्टनं पक्का हवा. खुर्चीचे ब्रेक लावूनही मागच्या चाकांना पाचर ठोका, हत्यार दाबताना खुर्ची मागे सरकते. लाल स्टॉप बटण चांगल्या हाताच्या बाजूला, फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागणार नाही असं. स्विच नो-व्होल्टचा, म्हणजे गेलेली वीज परत आली तरी लेथ आपोआप फिरणार नाही.

कमजोर हातासाठी लांब मुठीचं हत्यार बगलेत दाबून धरता येतं. हाताला पट्ट्यानं बांधू मात्र नका. रुतलं तर सोडता आलं पाहिजे.

खुळखुळा:
धन्यवाद! गाळ्यात जुन्या चोकच्या ट्यूब आहेत, चालतील?

कातकाम:
अजिबात नाही. आपली वीज ५० हर्ट्झ, ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. चौरस तुकडा १५०० आरपीएमला सेकंदाला २५ फेरे घेतो. कोपरे चार, म्हणजे पंचवीस चोक शंभर: दर लुकलुकीला कोपरा त्याच जागी, आणि फिरतं लाकूड थांबल्यासारखं दिसतं. तुमच्या आठकोनीला आठ कोपरे, त्यामुळे तो तर ७५० आरपीएमलाच. शिवाय काही ऑटिस्टिक मुलांना ही लुकलुक सोसत नाही. प्रत्येक लेथवर न लुकलुकणारा एलईडी दिवा लावा.

रंधा-रमेट:
आवाजाचं: लेथपेक्षा धूळ ओढणारं यंत्र जास्त ओरडतं, त्यामुळे इअरमफ सगळ्यांना. मग हाक ऐकू येणार नाही. मागून खांद्याला हात लावू नका, दचकलेला हात थेट लाकडावर जातो. समोर दिसेल असा दिवा चालू-बंद करायचा, म्हणजे थांबा. हा इशारा लेथ बंद असताना पाठ करून घ्या. हातमोजे, ओढणी, बांगड्या, लोंबती बाही नाही. फेस शील्ड नको म्हणणारे असतील तर आधी आठवडाभर घरी घालायला द्या.

लाकूड मुंबईत रे रोडच्या लाकूड बाजारात मिळेल. सुकलेला आंबा मागा. शिसव नको, भुकटीनं अंग खाजतं.