मदत हवी आहे: लॅपटॉप सारखा हँग होतो, बॅटरीही तासभर टिकत नाही (पुणे)

मुठाकाठ

नमस्कार मंडळी,

घरातला लॅपटॉप २०२० चा आहे. कोअर आय-फाइव्ह दहावी पिढी, ८ जीबी रॅम, सी ड्राइव्ह २५६ जीबी एसएसडी आणि डी ड्राइव्ह १ टीबीची साधी हार्ड डिस्क. विंडोज ११.

दिवसातून चार-पाच वेळा हँग होतो. माउसचा बाण हलतो, पण क्लिक लागत नाही. उघडलेली खिडकी पांढुरकी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. कधी वीस सेकंदांत सुटतो, कधी पाच मिनिटं थांबूनही पॉवर बटण दाबून बंद करावा लागतो. फाइल सेव्ह करताना किंवा मेलला काही जोडताना जास्त होतं. चार्जर लावलेला असो वा नसो, फरक नाही.

बॅटरी पन्नास मिनिटं जाते आणि ३० टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप एकदम बंद पडतो. एरवी तो दिवसभर चार्जरलाच असतो.

दुकानात सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकून दिलं. आठवड्यात पुन्हा तेच. आता मदरबोर्ड बदलायला सांगताहेत. तेवढा खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

सोल्डर

फॉरमॅट करूनही त्रास परत आला, म्हणजे दोष विंडोजमध्ये असण्याची शक्यता बरीच कमी झाली. पण त्यावरून थेट मदरबोर्डवर उडी मारायचं कारण नाही. हँग झालेला असतानाच तो काय करतोय ते बघायला हवं, नंतर बघून हाती काही लागत नाही.

लॅपटॉप सुरू केल्यावर लगेच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि ती खिडकी कोपऱ्यात उघडीच ठेवा. हँग झाल्यावर टास्क मॅनेजर उघडायला गेलात तर तोही अडकेल. मग हे बघा:

डिस्क ० आणि डिस्क १ वेगवेगळ्या दिसतील. कुठली १०० टक्क्यांवर जाते? आणि त्या वेळी वाचण्या-लिहिण्याचा वेग किती? डिस्क १०० टक्के व्यस्त आणि वेगही भरपूर, तर तिला खरंच काम आहे. १०० टक्के व्यस्त आणि वेग शून्याजवळ, तर डिस्क उत्तरच देत नाहीये. तिथेच सरासरी रिस्पॉन्स टाइम असतो. एसएसडीला तो एरवी एक-दोन मिलिसेकंद, हार्ड डिस्कला दहा-वीस. हजारांत गेला तर दोषी सापडला.

सीपीयूचा वेग ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर चिकटून बसला असेल तर चार्जर किंवा उष्णतेकडे वळा. चार्जरच्या पिनेतून त्याची वॅटची ओळख लॅपटॉपला मिळाली नाही, तर बरेच लॅपटॉप प्रोसेसरला मुद्दाम सावकाश चालवतात. ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅटचा चार्जर लावला तरी तेच.

कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर यंत्र आतून जिवंत आहे, कशाची तरी वाट बघतंय. दिवाही अडकला असेल तर रॅम, उष्णता किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर हे संशयित.

नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम उघडून हँग झाल्याच्या वेळच्या नोंदी बघा. 'कर्नल-पॉवर ४१' दिसेलच, तिच्याकडे दुर्लक्ष करा. लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता इतकंच ती सांगते, कारण नाही. 'डिस्क' नावाखाली ७ किंवा १५३, किंवा 'स्टोरएएचसीआय' नावाखाली १२९ हे क्रमांक आहेत का ते महत्त्वाचं, डिस्क अडखळल्याच्या त्या नोंदी असतात. सोबत क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून दोन्ही डिस्कचे आकडे इथे द्या.

चैत्रपालवी

आत्ता उन्हाळा आहे, म्हणून तापमानही बघून घ्या. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर टेकत असेल तर पंखा आणि जाळी यांच्या मध्ये धुळीची गादी बसली आहे. बाहेरून फुंकर मारून ती निघत नाही, उलट जाळीवर घट्ट बसते. खालचं झाकण काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून, मऊ ब्रशने काढायची. पातं मोकळं सोडून ब्लोअर मारला तर पंखा वेड्यासारखा फिरून बेअरिंग जातं.

सेलमापन

बॅटरीचं बघू. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'पॉवरसीएफजी' लिहा, एक जागा सोडा, मग स्लॅश आणि त्याला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट', आणि एंटर. फाइल कुठे तयार झाली ते तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता), फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची क्षमता) आणि सायकल काउंट (किती वेळा चार्ज झाली) हे तीन आकडे सांगा.

आणखी एक, आणि हे आजच करा. लॅपटॉप काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे एकेक करून दाबा. डुलतो का? टचपॅडचं क्लिक पूर्वीसारखं खाली जातं का?

जुनाजाणता

बॅटरी आठवड्यातून एकदा पूर्ण शून्यापर्यंत उतरवून मग १०० टक्के चार्ज करा, ताजी राहते.

सेलमापन

@जुनाजाणता, हा नियम निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांचा. लिथियम-आयनला 'मेमरी' नसते आणि पूर्ण उतरवल्याने ती झिजतेच. शून्य ते शंभर केल्याने टक्क्यांचा अंदाज तेवढा सुधारतो, बॅटरी नाही. त्यासाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. या लॅपटॉपवर तर कोपऱ्यांचं उत्तर येईपर्यंत अजिबात नको.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे बघितलं.

हँग झाल्यावर कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो. डिस्क ०, म्हणजे १ टीबीवाली, १०० टक्के, वेग ० केबी, रिस्पॉन्स टाइम ८,००० मिलिसेकंदांच्या वर. एसएसडी शांत. नोंदींमध्ये ७ आणि १५३ बऱ्याच वेळा आहेत, दोन्ही डिस्क ० च्या नावावर. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी निळी, हार्ड डिस्क पिवळी. शून्य-पाचच्या ओळीत शून्य, सी-पाचच्या ओळीत शेवटी १८. प्रोसेसर ७८ अंशांच्या वर जात नाही.

बॅटरी: डिझाइन ४१,०४०, फुल चार्ज १९,७००, सायकल ३१२.

लॅपटॉप डावीकडून थोडा डुलतो. टचपॅडचं डावं क्लिक जवळजवळ दबतच नाही. ते टचपॅड खराब झाल्यामुळे असेल असं वाटलं होतं.

सेलमापन

टचपॅड खराब नाही. खालून बॅटरी फुगून त्याला वर ढकलते आहे. आधी हे, हार्ड डिस्क नंतर.

चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा चार्ज करू नका. फुगलेल्या सेलमध्ये आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू साठलेला असतो. सेल पूर्ण भरलेला, म्हणजे ४.२ व्होल्टच्या आसपास, आणि वर गरम, अशा अवस्थेत महिनोन्‌महिने राहिला की ही क्रिया वेगाने होते. दिवसभर चार्जरला लावलेल्या लॅपटॉपमध्ये नेमकं तेच घडतं. ३० टक्क्यांवर बंद पडण्याचं कारणही याच्याशी जोडलेलं आहे. थकलेल्या सेलचा आतला रोध वाढतो, जरा भार आला की व्होल्टेज कोसळतं, आणि टक्के दाखवणाऱ्या चिपचा हिशेब चुकतो.

या वर्गातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी स्क्रूने बसवलेली असते, डिंकाने नाही. झाकणाचे स्क्रू ज्या जागेचे त्याच क्रमाने कागदावर चिकटवून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने उचका. आधी बॅटरीचा कनेक्टर नखाने सरळ मागे ओढा, वायरला धरून नाही. मग बॅटरीचे स्क्रू. जोर लावायचा नाही, धातूचं काही खाली घालायचं नाही, सेलची पिशवी दाबायची नाही, आणि टोचून हवा काढायची तर मुळीच नाही. बॅटरी डिंकाने चिकटवलेली दिसली किंवा गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला तर झाकण तसंच ठेवून दुरुस्तीवाल्याकडे न्या. वास येत असेल तर लॅपटॉप मोकळ्या हवेत ठेवा.

काढलेल्या बॅटरीच्या पिनांवर चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, डबा सावलीत. झाकण हवाबंद नको. रोजच्या कचऱ्यात ती देऊ नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून आधी तुमच्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. ई-कचरा केंद्रात देत असाल तर 'फुगलेली आहे' हे देण्याआधी सांगा.

सोल्डर

हँग होण्याचा दोषी तुमची हार्ड डिस्क. मदरबोर्ड बदलू नका.

सी-पाच म्हणजे वाचता न आलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. तिथला आकडा दहाऐवजी सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) लिहिलेला असतो, म्हणजे १८ दिसतं ते खरं १६ अधिक ८, २४. शून्य-पाचच्या, म्हणजे जागा बदललेल्या सेक्टरच्या ओळीत शून्य आहे याने निर्धास्त होऊ नका. खराब सेक्टरची जागा बदलली जाते ती त्यावर पुन्हा लिहिताना, तोवर तो 'प्रलंबित' राहतो. असा सेक्टर लागला की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ तिच्याकडे काही मागणारा प्रत्येक प्रोग्रॅम ताटकळतो. सेव्हची किंवा अटॅचमेंटची खिडकी सगळ्या ड्राइव्हना हाक मारते, म्हणून तुम्हाला तिथेच जास्त जाणवतं. दुकानात फॉरमॅट झाला सी ड्राइव्ह. दोष बसलाय डीमध्ये.

आता डेटा. डिस्क तपासणारी 'चेकडिस्क' आणि डीफ्रॅग दोन्ही चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला त्यात तासन्‌तास राबवलं जातं आणि वाचण्यासारखं होतं तेही जातं. आधी नक्कल. बाहेरच्या डिस्कवर महत्त्वाचे फोल्डर एकेक करून घ्या: कागदपत्रं, फोटो, मग बाकीचं. साधं कॉपी-पेस्ट खराब फाइलवर अडून बसेल, म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपी वापरा. 'रोबोकॉपी', मग कुठून, मग कुठे, आणि शेवटी तीन खुणा: स्लॅश ई, म्हणजे आतले फोल्डरही येतात, स्लॅश आर, विसर्गासारखी दोन टिंबं, १, आणि स्लॅश डब्ल्यू, तीच दोन टिंबं, १. शेवटच्या दोन विसरू नका. त्या नसतील तर रोबोकॉपी एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतो आणि दर वेळी ३० सेकंद थांबतो.

बॅटरी काढल्यावर बहुतेक लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात, वेग थोडा कमी मिळू शकतो. पण लाईट गेली की तत्क्षणी बंद, आणि नक्कल चालू असताना तसं व्हायला नको. म्हणून हे काम गुरुवारी काढू नका, महावितरणची दुरुस्तीची कामं त्याच दिवशी असतात. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पॉइंटला लावा. प्लग तीन पिनांचाच आणि अर्थिंग असलेल्या पॉइंटमध्ये.

नक्कल झाली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती १ टीबीची डिस्क 'डिसेबल' करा आणि दोन दिवस लॅपटॉप तसाच वापरा. हँग झाला नाही तर निदान पक्कं. त्यानंतरच खरेदी: २.५ इंची साटा एसएसडी, ७ मिलिमीटर जाडीची. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट आणि रबर नव्या डिस्कला लावायची. साटाची पट्टी कागदासारखी असते, तिचं कुलूप आधी उचला, मग पट्टी ओढा. रॅमवर आत्ता पैसे घालू नका, तिच्याकडे बोट दाखवणारं इथे काही नाही.

सेलमापन

नवी बॅटरी तपकीर गल्लीत मिळेल. जाताना जुन्या बॅटरीवरच्या लेबलचा फोटो न्या, फुगलेली बॅटरी पिशवीत घालून नेऊ नका. लॅपटॉपचं मॉडेल सांगून घेऊ नका, पार्ट नंबर जुळवा. एकाच मॉडेलला दोन आकारांच्या बॅटऱ्या येतात आणि कनेक्टर वेगळे निघतात. लेबलवर गुणाकार करून बघा: तुमचे ४१,०४० मिलिवॅट-तास म्हणजे ११.४ व्होल्ट गुणिले ३,६०० मिलिअँपिअर-तास. नव्यावर व्होल्ट आणि मिलिअँपिअरचा गुणाकार छापलेल्या वॅट-तासांशी जुळत नसेल तर ठेवून या. जुळला तरी दुकानातच बसवून घ्या आणि बॅटरी रिपोर्ट काढा. सायकल शून्य किंवा एक-दोन, फुल चार्ज डिझाइनच्या जवळ. नकली चिप हे आकडे खोटे सांगू शकते, म्हणून घरी एकदा १०० पासून १० टक्क्यांपर्यंत उतरवून वेळ मोजा आणि तेवढे दिवस पावती जपा.

बसवल्यावर पहिलं काम म्हणजे ८० टक्क्यांची मर्यादा. ती विंडोजच्या सेटिंगमध्ये शोधू नका, कंपनीच्या ॲपमध्ये असते. लेनोव्होच्या व्हँटेजमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड', आसुसच्या मायआसुसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये. दिवसभर चार्जरला लावणाऱ्यासाठी याच्याइतका फायदा दुसऱ्या कशात नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढा, परत आल्यावर लावा. महिनाभर लॅपटॉप बंद राहणार असेल तर ५० टक्क्यांवर ठेवा. गादीवर, उशीवर आणि उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नका.

मुठाकाठ

बॅटरी काढली, स्क्रूचीच होती. मधली पिशवी चांगली बोटभर फुगलेली. सर्व्हिस सेंटरने जमा करून घेतली. डीवरच्या बहुतेक फाइल आल्या, रोबोकॉपीने ११ सोडल्या. डिस्क डिसेबल करून तीन दिवस झाले, एकदाही हँग नाही. टचपॅडचं क्लिकही परत आलं. एकच विचारायचं: जुनी हार्ड डिस्क यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरता येईल का?

सोल्डर

नाही. बॅकअपला तर नाहीच. त्या ११ फाइल हव्या असतील तर आठवडाभर डिस्क तशीच बाजूला ठेवा, सारखी चालू-बंद करू नका, आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. नको असतील तर उघडून आतल्या चकत्यांवर ओरखडे काढा आणि ई-कचऱ्यात द्या. चकती वाकवू नका, काही डिस्कमध्ये ती काचेची असते.