मदत हवी आहे: वादळी पाऊस वाढला, मग पूर किती वाढला?

हवा १ अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, इथवर कळतं. २०२३-२४ च्या हिवाळी हंगामात ब्रिटन-आयर्लंडमधल्या वादळी दिवसांचा पाऊस मानवनिर्मित तापमानवाढीमुळे सुमारे २० टक्के जोरदार झाला, असं वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या (टोकाच्या हवामानात हवामानबदलाचा हात किती, हे तपासणाऱ्या) शास्त्रज्ञांच्या गटाचा अभ्यास सांगतो.

माझं घोडं अडलंय ते पुढे. पाऊस २० टक्के वाढला म्हणून नदीचा पूरही तेवढाच वाढला, असं सरळ नसणार. आधीच्या वादळाने जमीन तुडुंब भिजलेली असेल तर पाणी मुरणार कुठे? सगळं थेट नदीत. शिवाय थंड प्रदेशात बर्फाऐवजी पाऊस पडला तर वसंतातलं पाणी हिवाळ्यातच वाहून येतं. त्यात पूरमैदानातली (नदीकाठच्या, पुरात बुडणाऱ्या सपाट जमिनीवरची) बांधकामं, ते वेगळंच!

मग पुरातला हवामानबदलाचा वाटा निराळा कसा काढतात? जलविज्ञानातलं कोणी समजावेल का? गणित चालेल, पण बेतानं.