हमीदाबानूंच्या कुस्त्या ठरवलेल्या होत्या म्हणून त्यांचं नावच खोडायचं का?

तांबडीमाती

हमीदाबानूंचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, "देशातली पहिली व्यावसायिक महिला पैलवान." दुसरं, "पण सगळ्या कुस्त्या लावलेल्या." या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

त्या अलीगढच्या सलाम पैलवानांकडे तयार झाल्या. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी जाहीर आव्हान दिलं की जो पुरुष मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. पतियाळा आणि कलकत्ता इथल्या दोन पैलवानांना हरवून मे महिन्यात त्या बडोद्याला आल्या. तिथे छोटे गामा पैलवानांशी जोड नेमली होती, पण बाईशी लढणार नाही म्हणून ते ऐनवेळी मागे सरले. मग बाबा पैलवान उभे राहिले आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट झाले.

माझं म्हणणं सरळ आहे. चांगले पैलवान नकार देत गेले, म्हणून कुस्ती भरवणाऱ्या ठेकेदाराला दुय्यम माणूस उभा करावा लागला. नकार देणाऱ्यांचा दोष बाईंच्या माथी का?

निकाली_डाव

साफ असहमत. मातीत गुण नसतात, वजनगट नसतो. दोन्ही खांदे टेकले तरच निकाल, नाहीतर खडाखडी चालत राहते आणि शेवटी पंच बरोबरीत सोडवतात. तोडीच्या जोडीत दीड मिनिट नुसती पकड जुळवण्यात जातं. शिवाय, उचलून टाकलेला पैलवान हवेतच पोट खाली करतो, पालथा पडतो आणि मातीला चिकटून राहतो. तिथून त्याला उलटवायला घिस्सा, मोळी, एकचाक असा एकेक डाव लावावा लागतो. पाठीवर पडलाच तर मानेची कमान करून खांदे वर ठेवतो. दीड मिनिटात हे सगळं उरकतं, तेव्हा समोरचा एकतर फार कच्चा असतो नाहीतर पडायलाच आलेला असतो.

३२० कुस्त्या जिंकल्याचा दावा आहे. जोड कोण, वजन किती, पंच कोण, यातलं काही धड नोंदलेलं नाही. हा आकडा तिकीटबारीचा आहे.

पाचशेर

बाईंच्या खुराकाचे आकडेही तसलेच. रोज ५.६ लिटर दूध, २.८ लिटर सूप, १.८ लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, ६ अंडी, दोन मोठे पाव, दोन ताटं बिर्याणी, वर बदाम. मापं अशी विचित्र का, ते बघा. शेर म्हणजे ०.९३३ किलो. त्या हिशेबाने दूध ६ शेर, सूप ३ शेर आणि रस जवळपास २ शेर. जुनी शेराची मापं नंतर लिटरमध्ये आली असावीत, असं दिसतं.

आता बेरीज करा. दूध म्हशीचं धरलं तर नुसत्या दुधाचे साडेपाच हजार उष्मांक, लोण्याचे साडेतीन हजार. मटण, बिर्याणी अजून धरलेलीच नाही. रोज ६ तास मेहनत धरली तरी एवढं अन्न रोजच्या रोज पचणं अवघड. हे पोस्टरवर छापण्यासाठीचं माप आहे.

तांबडीमाती

पाचशेर, हिशेब मान्य. पण जगज्जेते म्हणून गाजलेल्या गामा पैलवानांच्या (छोटे गामा नव्हेत) खुराकाचेही असेच आकडे सांगतात, आणि ते सांगताना कुणी उष्मांक मोजायला बसत नाही. खुराक फुगवून सांगणं ही त्या धंद्याची रीतच होती, पुरुषांचीसुद्धा.

निकाली_डाव, वेळेबद्दल वेगळं मत आहे. बाईंची उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. एवढ्या बुटक्या आणि भारी अंगाचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, उंच माणसाला खूप खाली यावं लागतं. तो वाकला की त्याच्या मानेवर भार टाकायचा, पुढे ओढायचं आणि मागे जाऊन कब्जा घ्यायचा. पण याच वजनाचा तोटाही आहे. भुसभुशीत मातीत पाय रुततो, दहा मिनिटांनी दम तुटतो. अशा पैलवानाने पहिल्या दोन मिनिटांत निकाल काढायचा, एवढाच शहाणपणा. म्हणून कमी वेळ लागला, एवढ्यावरून कुस्ती खोटी ठरत नाही.

निकाली_डाव

डावपेच पटले. पण मोरारजी देसाईंचं काय? मुंबई राज्यात या कुस्त्या थांबवल्या तेव्हा बाईंनी सरकारमधल्या मोरारजींकडे तक्रार केली. उत्तर आलं की बंदी बाई आहे म्हणून नाही, तर आयोजक त्यांच्यापुढे डमी, म्हणजे पडायलाच आणलेले पैलवान, उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. हा आरोप सरकारदरबारी पोचलेला होता.

वेशीबाहेर

ते उत्तर नीट वाचा, भाऊ. तक्रार आयोजकांविरुद्ध, आणि मैदान बंद झालं ते बाईंचं! त्याच काळात मुंबईत किंग काँग, दारा सिंग यांच्या फ्रीस्टाइलला हजारोंनी तिकिटं खपत होती आणि त्यातल्या किती कुस्त्या खऱ्या होत्या यावरही लोक वाद घालत होते. पुरुषांचं ते मनोरंजन, बाईंची ती फसवणूक, हा न्याय मला मान्य नाही.

खऱ्या जोडी हुकल्या कशा, तेही बघा. १९४४ मध्ये मुंबईत गूंगा पैलवानांशी जोड होती, वीसेक हजार लोक जमले होते. गूंगांनी जास्त पैसे आणि तयारीला आणखी वेळ मागितला आणि कुस्ती रद्द झाली. चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली. पुण्यात रामचंद्र साळुंखेंशी जोड ठरली, तर राष्ट्रीय तालीम संघ या तिथल्या कुस्ती संघटनेने हरकत घेतली. एकदा तर पुरुष पैलवानाला हरवल्यावर लोकांनी बाईंना दगड मारले.

पुरुष पैलवानाचं गणित साधं होतं. बाईला हरवलं तर नाव होत नाही, हरलो तर पुढच्या मैदानात जोड मिळत नाही. मग नाव असलेला पैलवान मातीत उतरेल कशाला?

पाचशेर

हे गणित बरोबर आहे. मी एवढंच म्हणतो की व्हेरा चिस्टिलिन या रशियन महिला पैलवानाशी झालेली कुस्तीही जपून सांगावी. १९५४, मुंबई, "रशियाची मादी अस्वल" अशी जाहिरात, आणि निकाल मिनिटाच्या आत. ती किती तयारीची होती हे कळल्याशिवाय त्या विजयाचं वजन ठरत नाही.

वेशीबाहेर

ठीक. पण त्यानंतर त्यांनी युरोपात जाऊन लढायचं जाहीर केलं होतं, हेही लिहा. नुसत्या पडणाऱ्या माणसांवर जगणारी व्यक्ती परक्या पंचांपुढे जायला निघेल का? ते जाणं झालं नाही. जाऊ नये म्हणून सलाम पैलवानांनी मारून हात मोडला, असं हमीदाबानूंच्या नातवाने सांगितलं आहे. पुढे कल्याणला दूध विकून आणि घरभाड्यावर त्या राहिल्या, पैसे संपले की रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकायच्या. १९८६ मध्ये गेल्या.

निकाली_डाव

युरोपचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. ३२० चा आकडा मी तरीही धरणार नाही. पण पुण्याच्या हरकतीबद्दल तुमचं खरं आहे. ती कुस्ती तालीम संघाने स्वतःचे पंच देऊन लावली असती, तर डमीचा संशय त्याच संध्याकाळी मिटला असता. वस्ताद मंडळींनी तपासायची संधी असताना दार लावलं. ती चूक आपल्या बाजूची.