पुन्हा धावायला लागल्यावर नडगी दुखते. धावणं बंदच करायचं का?

मोठ्या खंडानंतर धावणं सुरू केलंय. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या जरा वर ठणका लागतो. काय करावं?

▸ आधी हाडाच्या कडेवरून बोट दाबत न्या. दुखरा पट्टा पाच सेंटिमीटर किंवा जास्त लांब असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे ताण पडून नडगीच्या हाडाच्या कडेला होणारी दुखी. एकाच बोटभर जागी कळ येते, रात्रीही ठणकतं, त्या पायावर उडी मारवत नाही? मग हाडाला बारीक तडा असू शकतो. धावणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येतो म्हणून निर्धास्त राहू नका.

▸ दम काही आठवड्यांत परत येतो, हाडाला महिने लागतात. गफलत इथेच होते. चालताना दुखणं थांबेपर्यंत सायकल किंवा पोहणं. मग १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक टप्पा मागे.

▸ वरच्याशी सहमत. शिवाय पायरीच्या कडेवर टाचा उचला: १५ चे ३ सेट, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. खाली येताना ३ सेकंद घ्या. पावलं आखूड टाका. बर्फाने फक्त ठणका दबतो. आणि दुखणं दाबायची गोळी घेऊन धावणं तेवढं नकोच!