मदत हवी आहे: डिस्क नेमकी कोणत्या बसवर (डेटाच्या मार्गावर) बसली आहे, हे बाहेरचं काही न टाकता कसं पाहायचं?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक बाहेरून जोडायची एसएसडी आहे, टाइप-सी वाली. खोक्यावर १० जीबीपीएस छापलंय. परवा २२० जीबी फोटो तिच्यावर टाकायला घेतले तर वेग सेकंदाला ३८ एमबीच्या पुढे हलेना. दीड तासाहून जास्त वेळ खाल्ला.

संशय असा की ती यूएसबी ३ सोडून यूएसबी २ वर अडकली आहे. पण खात्री कशी करायची? घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज, आणि त्यावर बाहेरचं एकही सॉफ्टवेअर टाकता येत नाही. त्यामुळे 'अमुक टूल उतरवून घ्या' हे उत्तर नको, सिस्टीममध्ये आधीपासून जे आहे तेवढ्यातच जमवायचंय.

मी केलेला उद्योग: लिनक्सवर डीमेसेज (कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, नोंदी) पाहिलं. त्यात 'एसडी ६:०:०:०' अशी ओळ दिसली. म्हणजे डिस्क ६ नंबरच्या बसवर आहे का? पण एलएसयूएसबीमध्ये (यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड) ६ नंबरची बसच नाही. इथे डोकं चालेना.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं.)

चिमटा:
पोर्ट निळा आहे का बघा. निळा असेल तर यूएसबी ३.

जुना_स्क्रू:
रंगावर जाऊ नका हो. टाइप-सीला कुठला आलाय रंग?

रात्रपाळी, तो ६ यूएसबीचा नाहीच. ते चार आकडे म्हणजे स्कझी या डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीचा पत्ता: होस्ट, चॅनल, टार्गेट, एलयूएन (टार्गेटमधल्या युनिटचा नंबर). लिनक्स यूएसबी डिस्कलाही स्कझी डिस्कसारखंच वागवतो, म्हणून तिला तसा नंबर मिळतो. तुम्हाला हवी असलेली ओळ त्याच डीमेसेजमध्ये थोडी वर असेल, 'यूएसबी १-४: न्यू ...' अशी सुरू होणारी. ती इथे टाका.

रात्रपाळी:
सापडली. 'यूएसबी १-४: न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ७ यूझिंग एक्सएचसीआय_एचसीडी'. हाय-स्पीड म्हणतोय, मग सगळं ठीकच आहे ना?

जुना_स्क्रू:
नाही, इथेच सगळे फसतात. यूएसबीच्या भाषेत 'फुल स्पीड' म्हणजे १२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि 'हाय स्पीड' म्हणजे ४८०. नावं ठेवली तेव्हा ती खरोखर वेगवान वाटत होती, पुढे यूएसबी ३ आलं तेव्हा 'सुपरस्पीड' काढावं लागलं. तुमच्या ओळीत सुपरस्पीड हवं होतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ४८० एमबीपीएस म्हणजे कागदावर ६० एमबी, प्रत्यक्षात हातात ३५ ते ४० पडतात. तुमचे ३८ बरोबर तिथेच बसतात.

आता 'एलएसयूएसबी -टी' चालवा. 'टी'मुळे यादीऐवजी झाड दिसतं, कोण कोणाला लटकलंय ते. ते चिकटवा.

रात्रपाळी:
उंदीर-कीबोर्ड वगळून एवढंच:

बस ०२.पोर्ट १: डेव्ह १, क्लास=रूट_हब, ड्रायव्हर=एक्सएचसीआय_एचसीडी/६पी, १००००एम
बस ०१.पोर्ट १: डेव्ह १, क्लास=रूट_हब, ड्रायव्हर=एक्सएचसीआय_एचसीडी/१६पी, ४८०एम
   |__ पोर्ट ४: डेव्ह ७, क्लास=मास स्टोरेज, ड्रायव्हर=यूएएस, ४८०एम

बस ०२ च्या खाली काहीच नाही.

जुना_स्क्रू:
मिळालं की उत्तर. ओळीच्या शेवटचा आकडा म्हणजे जोडणी प्रत्यक्ष किती वेगावर ठरली तो. डिस्क बस ०१ वर आहे आणि ४८०एम वर.

बस ०१ आणि ०२ या दोन वेगळ्या जागा समजू नका. यूएसबी ३ च्या एकाच भोकात तारांचे दोन संच असतात, एक जुन्या यूएसबी २ चा आणि एक सुपरस्पीडचा. कंट्रोलर (यूएसबी सांभाळणारी चिप) एकच, पण लिनक्स त्याचे दोन रूट हब (झाडाची मुळं, ज्यांना उपकरणं लटकतात) दाखवतो. सुपरस्पीडच्या तारा जुळल्या तर डिस्क बस ०२ खाली दिसते, नाही जुळल्या तर तीच डिस्क त्याच भोकातून बस ०१ खाली येते. कोणी तक्रार करत नाही, गुपचूप हळू चालते.

म्हणून पहिला संशय केबलवर. कुठली वापरताय?

रात्रपाळी:
डिस्कसोबत आलेली फार आखूड आहे, डेस्कटॉपला पुरत नाही. म्हणून फोनच्या चार्जरची सी-टू-सी लावली. तीही चांगली जाडजूड आहे.

चिमटा:
हा हा, सापडला चोर.

जुना_स्क्रू:
जाडी असते वीज वाहायला. चार्जिंगच्या बऱ्याच सी-टू-सी केबलमध्ये डेटासाठी फक्त यूएसबी २ च्या तारा असतात, दोन्ही टोकं दिसायला हुबेहूब तशीच. आखूड केबल लावून पुन्हा तीच कमांड द्या. घाई असेल तर 'कॅट /सिस/बस/यूएसबी/डिव्हाइसेस/१-४/स्पीड', हा आकडा थेट कर्नल देतो, एलएसयूएसबी नसलेल्या मशीनवरही चालतो. फक्त केबल बदलल्यावर १-४ च्या जागी दुसरं काही येईल हे ध्यानात ठेवा. पहिला अंक बसचा, दुसरा पोर्टचा. मध्ये हब असेल तर १-४.२ असं शेपूट वाढतं.

कोराकागद:
धागा थोडा पळवतो, माफी. माझ्या लॅपटॉपचा टचपॅड एलएसयूएसबीत दिसत नाही आणि एलएसपीसीआयतही (आतल्या पीसीआय उपकरणांची यादी) नाही. मग तो आहे कुठे?

सुट्टे_भाग:
बहुधा आयटूसी बसवर (आतल्या चिपांना जोडणारी दोन तारांची बस). 'कॅट /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हाइसेस' करा. प्रत्येक उपकरणाच्या पहिल्या ओळीत 'बस=' असतं. ०००३ म्हणजे यूएसबी, ०००५ ब्लूटूथ, ००११ जुना पीएस/२ (कीबोर्ड-माउसचा जोड), ००१८ आयटूसी. बऱ्याच लॅपटॉपचा आतला कीबोर्ड अजूनही ००११ वर सापडतो, बघून गंमत वाटेल.

कोराकागद:
टचपॅड ००१८, कीबोर्ड ००११. दोन्ही तंतोतंत. धन्यवाद!

रात्रपाळी:
आखूड केबल, पुढच्या बाजूचा पोर्ट: बस ०२, ५०००एम, कॉपी ४१० एमबीने. डेस्कटॉप ओढून मागच्या टाइप-सी पोर्टला लावली: १००००एम. जीव भांड्यात पडला.

आता विंडोज. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'मधून 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' केलं. वाईट केबल लावूनही डिस्क 'यूएसबी रूट हब (यूएसबी ३.०)' खालीच दिसते. हे कसं?

सुट्टे_भाग:
त्या नावावर विसंबू नका. लिनक्स एका कंट्रोलरचे दोन हब दाखवतो, विंडोज एकच दाखवतं आणि त्याला ३.० म्हणतं. साधा माउससुद्धा त्याच्याच खाली लटकतो.

पण एक वाट आहे. झाडात डिस्कच्या वरची यूएसबीची नोंद पकडा, प्रॉपर्टीज, 'डिटेल्स' टॅब, आणि खाली सरकणाऱ्या यादीतून 'लोकेशन पाथ्स' निवडा. 'पीसीआयरूट(०)#पीसीआय(१४००)#यूएसबीरूट(०)#यूएसबी(४)' अशासारखं काहीतरी येईल. डावीकडून उजवीकडे वाचायचं. पीसीआय(१४००) म्हणजे डिव्हाइस १४, फंक्शन ०, दोन्ही हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायाने मोजलेले आकडे. लिनक्सवर एलएसपीसीआयमध्ये जो यूएसबी कंट्रोलर ००:१४.० असा दिसतो, तोच हा. शेवटचा आकडा पोर्टचा. कंट्रोलर यूएसबी २ आणि सुपरस्पीडचे पोर्ट वेगवेगळे मोजतो, त्यामुळे भोक तेच ठेवून फक्त केबल बदला. आकडा बदलला तर डिस्क दुसऱ्या संचावर गेली.

चिमटा:
मॅकवर एवढी कसरत नाही. ऑप्शन दाबून धरून सफरचंदाचा मेनू, सिस्टीम इन्फर्मेशन, यूएसबी.

जुना_स्क्रू:
आणि कोणी आतल्या कार्डांसाठी हा धागा उघडला असेल तर: 'सुडो एलएसपीसीआय -व्हीव्ही' मध्ये 'एलएनकेकॅप' म्हणजे कार्डाची ऐपत आणि 'एलएनकेएसटीए' म्हणजे आत्ताची जोडणी. सुडो (ॲडमिनचा अधिकार) विसरलात तर त्या ओळी दिसतच नाहीत. ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं असताना २.५जीटी/एस एवढा कमी वेग दाखवला म्हणून घाबरू नका, वीज वाचवायला ते खाली येतं. काम देऊन मग बघा. रुंदी (डेटाच्या लेनची संख्या) मात्र एक्स१६ च्या जागी एक्स८ दिसली, तर ती बहुधा स्लॉटची गोष्ट.

रात्रपाळी:
ऑफिसच्या लॅपटॉपवर करून पाहिलं. एकच भोक: चार्जरच्या केबलने यूएसबी(४), आखूड केबलने यूएसबी(१५). एकही सॉफ्टवेअर न टाकता काम झालं. सगळ्यांचे आभार. चार्जरच्या केबलला लाल दोरा बांधून ठेवलाय, आता ती फक्त फोनला.