प्रतिसाद: लूथरचा फिनिश शिष्य

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने बायबल जर्मनमध्ये आणलं, त्याची इथे चर्चा चालली आहे, त्यात त्याचा फिनिश शिष्य मिकाएल आग्रिकोला यायलाच हवा. जर्मनीतल्या विटेनबर्गला लूथर आणि त्याचा सहकारी मेलांक्थॉन यांच्याकडे शिकून आग्रिकोला १५३९ साली फिनलंडमधल्या तुर्कूला परतला. तेव्हा फिनिशमध्ये छापील पुस्तकच नव्हतं! त्याने आधी अक्षरओळखीचं पुस्तक काढलं आणि १५४८ मध्ये बायबलचा नवा करार फिनिशमध्ये आणला. सगळ्यांचं मन ज्याला कळतं, त्या देवाला फिनिशही कळतेच, असं त्याने आपल्या प्रार्थनापुस्तकात लिहिलंय. मला तर ही ओळ फार जवळची वाटते. १५५४ मध्ये तो तुर्कूचा बिशप झाला, पण पद जेमतेम तीन वर्षं लाभलं. मॉस्कोला तहाच्या बोलण्यांसाठी गेला आणि परतीच्या वाटेवरच ९ एप्रिल १५५७ ला वारला. फिनलंडमध्ये तोच दिवस आता फिनिश भाषा दिन आहे.